मावशींची बैठक

१० नोव्हेंबर २०२४, जव्हार

सरांनी आज रंगाची पेटी उघडू दिली नाही. "आधी ओळंबा," म्हणाले, आणि खरोखरच गवंड्याचा पितळी ओळंबा माझ्या हातात दिला. समोरच्या खुर्चीत त्यांचा नातू बसला होता. दोरी डोळ्यांसमोर धरायची, नाकपुडीवरून खाली सोडायची, ती ओठांच्या कोपऱ्याच्या आत पडते की बाहेर, खांद्यावर कुठं उतरते ते बघायचं आणि कोळशानं तेवढ्याच खुणा करायच्या. नाक-डोळे काढायला मनाई. दुपारपर्यंत माझ्या कागदावर एक कलती मान, दोन असमान खांदे आणि खुर्चीची पाठ. नातवाची आई चहा घेऊन आली, कागद बघून म्हणाली, "अगदी हाच. असाच वाकडा बसतो." कागदावर चेहरा नव्हताच.

सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, नंतर सगळी नोकरी शाळांमधून. मी ए.टी.डी. करून मोखाड्याकडच्या आश्रमशाळेत लागले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी, फलकलेखन, स्नेहसंमेलनाचा पडदा, भिंतीवर वारली पट्टी, हे सगळं हातात बसलेलं आहे. तैलरंगात माणूस मात्र कधी केला नाही. आता कारण असं झालं की आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशी एप्रिलअखेर निवृत्त होताहेत. माजी विद्यार्थी वर्गणी काढून त्यांचा फोटो मोठा करून घेणार होते. मी म्हटलं, रंगवते. खुर्चीत बसलेल्या, रीतसर, सभागृहात लावतात तशा.

सर म्हणाले, "१८६८ साली थिओडोर जेन्सन त्रावणकोरच्या दरबारात आला होता. रविवर्म्याला शिकवायला काही तयार होईना. काम करताना बघू दिलं, तेवढंच. माझ्याकडे बघणं आणि शिकणं दोन्ही फुकट आहे. तक्रार करायची नाही."

१६ नोव्हेंबर

नाशिक. तोरंगण घाटातून जाऊन-येऊन. सरांची यादी: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, आयव्हरी ब्लॅक. डुकराच्या केसांचे राठ ब्रश, जवसाचं तेल, टर्पेंटाइन. तीस बाय चोवीस इंची ताणलेला कॅनव्हास. मला यादी छोटी वाटली, पण स्वीडनचा अँडर्स झॉर्न ऑकर, व्हर्मिलियन, काळा आणि पांढरा एवढ्यावर चेहरे उभे करायचा म्हणतात.

दुकानदारानं न मागता एक ट्यूब पुढं सरकवली: 'फ्लेश टिंट'. गुलाबीसर मलई. त्या रंगाच्या अंगाचा माणूस मोखाडा तालुक्यात मी पाहिलेला नाही. परत केली.

१ डिसेंबर

पहिली बैठक, शाळेच्या चित्रकला खोलीत. खिडकी उत्तरेची. आपल्याकडे सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडून फिरतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही, नुसतं आभाळ येतं. सावल्या दोन-तीन तास जागच्या हलत नाहीत. एवढ्यासाठी मी दोन कपाटं ओढली.

मला मावशी हव्या होत्या गुडघ्यापर्यंतच्या लुगड्यात, रोज दिसतात तशा. त्या आल्या जांभळ्या, जरीकाठाच्या साडीत, केसांना तेल लावून, पदर दोन्ही खांद्यांवर. मी जरा हिरमुसले. सरांना फोन केला तर ते माझ्यावरच घसरले. "बसणारा ठरवतो. न्यायाधीश झग्यात बसतो, घरच्या लुंगीत बसत नाही. तुला पाड्यावरचं दृश्य रंगवायचं असेल तर पाड्यावर जा." बरोबर आहे. शहरातले चित्रकार इकडे येतात ते लुगडं, हंडा आणि सुरकुत्या शोधत. साडीतली मावशी त्यांना चालत नाही. मलाही चालत नव्हती.

मुख्याध्यापकांच्या दालनातली हातांची खुर्ची आणली होती. मावशी टोकावर टेकल्या. पाटावर, चुलीपुढं बसण्यात आयुष्य गेलेलं. खुर्चीत हाताचं काय करायचं हे त्यांना कळेना. मग त्यांनी कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. "हा कुठं ठेवू, बाई?" कोठीच्या किल्ल्या: तांदूळ, डाळ, तेल, साखर. मी काही सांगायच्या आत तो त्यांनी मांडीवर घेतला, दोन्ही हात त्यावर ठेवले, पाय जमिनीला टेकवले आणि मागं सरून बसल्या. मान सरळ झाली. आज कोळशानं तेवढंच काढलं.

८ डिसेंबर

टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबरनं पहिला थर. तेल जवळजवळ नाहीच. नियम साधा आहे: खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. उलट केलं तर वरचा आधी आवळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात.

मावशींनी बाटली हुंगली. "जवस? मग आपली खुरासणी काय वाईट?" खुरासणीचं तेल इकडं घरोघर. प्रश्न वेडगळ नाही. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याची पातळ कातडी बनते आणि रंगाचे कण तिच्यात अडकून राहतात. हा गुण खोबरेलात नाही, एरंडेलात नाही. खुरासणीत मात्र तो थोडा आहे. युरोपातले जुने चित्रकार खसखशीचं आणि अक्रोडाचं तेलही वापरत, खास करून पांढऱ्या रंगासाठी, कारण ते जवसापेक्षा कमी पिवळं पडतं. मग खुरासणीला ना कशाला? काचेच्या तुकड्यावर दोन फराटे मारून ठेवले. एकच सिएना, एक जवसात, एक खुरासणीत.

१४ डिसेंबर

जवसाचा फराटा बोटाला लागत नाही. खुरासणीचा अजून चिकट, त्यावर एक चिलट बसून राहिलं आहे. मावशींना काच दाखवली. "मग ते खायलाच बरं," त्यांचा निकाल.

२२ डिसेंबर, जव्हार

ओला कॅनव्हास एसटीनं न्यायचा म्हणजे दुसरा रिकामा कॅनव्हास समोरासमोर धरायचा, चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे, वरून सुतळी. कंडक्टरनं विचारलं, आत काय? बाई बसलीय, म्हटलं. त्यानं तिकिटाचा विषय काढला नाही.

सरांनी चित्र आरशात बघायला लावलं. आरशात उजवं-डावं फिरतं आणि डोळ्याला सवयीनं दिसेनासं झालेलं सगळं एकदम वर येतं: डावा डोळा खाली घसरलेला, जबडा रुंद. मग कपाटातून एम. आर. आचरेकरांचं 'रूपदर्शिनी' काढलं, १९५८ सालचं. जिवंत मॉडेलची रेखाटनं आणि आपली जुनी शिल्पं शेजारी-शेजारी. "हे बघ," म्हणाले, "जे. जे.मध्ये आम्हाला ग्रीक प्लास्टरचे पुतळे काढायला लावत. आचरेकरांनी विचारलं, आपल्या माणसाचा सांगाडा आपल्याच शिल्पात बघायला काय हरकत आहे?" मावशींचा खांदा मी ग्रीक काढला होता, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे नको तिथं गोल.

संध्याकाळी जय विलासकडे गेलो. गुलाबी दगडाचा हा राजवाडा जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांचा. मुकणे घराणं महादेव कोळी. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. आवारात फिरता फिरता सरांनी कोडं घातलं. यशवंतराव दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. त्यांचं रीतसर तैलचित्र करायचं तर मांडीवर तलवार देशील की वैमानिकाची टोपी? मी म्हटलं, त्यांना विचारीन. "शिकलीस," म्हणाले. मावशीही महादेव कोळीच. हे मी सरांना सांगितलं नाही. त्यांनी लगेच त्यावर भाषण केलं असतं.

५ जानेवारी २०२५

त्वचा.

इंग्रजी पुस्तकांतले सगळे कोष्टक-तक्ते गोऱ्या कातडीचे. त्यात उजेड म्हणजे पांढरा मिसळा. मावशींच्या कपाळावर सिएनात पांढरा मिसळला की कपाळाला राख फासल्यासारखं दिसतं. सकाळभर खरवडत बसले.

मग डोळे किलकिले करून नुसतं बघितलं. सावळ्या, तेलकट कपाळावर चमकणारी जागा फिकट तपकिरी नसतेच. ती निळसर असते, कारण ते खिडकीतलं आभाळ आहे. कातडी आरशासारखी ते परतवते. म्हणजे चमक अल्ट्रामरीन, पांढरा आणि कणभर लाइट रेड यांची, थंड. आणि तिच्या शेजारचा रंग पांढऱ्याविना, भरगच्च, बर्न्ट सिएनात व्हिरिडियनचं बोट. गालाच्या उंचवट्याखाली तांबूस. कानाच्या पाळीत तर जवळजवळ शेंदरी, उजेड आरपार जातो म्हणून. हनुवटीखाली साडीचा जांभळा चढलेला. ज्याला आपण काळा-सावळा म्हणून एका शब्दात संपवतो त्यात आज मी पॅलेटवरचा प्रत्येक रंग वापरला, काळा सोडून. आयव्हरी ब्लॅकची ट्यूब अजून सीलबंद आहे.

आजच्याइतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

१२ जानेवारी

बैठक नाही. तपासणीला साहेब येणार, मावशी सकाळपासून चुलीशी. साडी तेवढी खुर्चीवर टाकून गेल्या, काठ रंगवला.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर पोरं खोलीत घुसली. चेहरा अर्धाच आहे, डोळ्यांच्या जागी नुसते दोन गडद खड्डे. तरी सहावीतली एक ओरडली, "मावशी!" कशावरून? तर म्हणे, "आता उठून ओरडणार आहेत तशा बसल्यात."

या पोरांच्या घरातल्या भिंतींवर लग्नात गेरूवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. माणूस म्हणजे दोन त्रिकोण, वर वाटोळं डोकं. त्यात नाक-डोळे कुणी शोधत नाही. कोण काय करतंय ते वाकण्यावरून, हातावरून कळतं. मी इतकी वर्षं यांना वारली चित्र शिकवते, म्हणजे खरं तर यांच्याच आयांचं त्यांना परत करते, पण बैठकीवरून माणूस ओळखायचं ते माझ्याआधी यांना येतं. सर महिनाभर ओळंबा धरून जे सांगत होते ते हेच. साम्य आधी मान, खांदे आणि पाठीत ठरतं. तिथं हुकलं तर पापणी कितीही नीट काढा, माणूस दुसराच राहतो.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीभूमिकेतलं. शिकत असताना बघितली होती तेव्हा मी फक्त शालू बघत राहिले. पुन्हा जायला हवं.

९ फेब्रुवारी

गोंदण. कपाळावर टिकली, हनुवटीवर तीन ठिपके, हातांवर कोपरापर्यंत ओळी. मी ते शेवटी, वरून, निळसर हिरव्यानं काढणार होते. एका जागी करून बघितलं. स्टिकर चिकटवल्यासारखं दिसलं. गोंदण कातडीवर नसतं, कातडीच्या आत असतं. म्हणून आधी त्वचेचा ओला रंग, त्यात ठिपका ओल्यातच दाबायचा, कडा विरघळू द्यायच्या, आणि सुकल्यावर वरून जवसात पातळ केलेल्या सिएनाची काचेसारखी झिलई. मग तो ठिपका खाली जाऊन बसतो. तैलरंगाला एवढे सायास लोक का घेतात ते आज कळलं: पोस्टर कलरमध्ये खालचा थर वरच्यातून दिसत नाही.

मावशी म्हणाल्या, गोंदताना तोंडात पदर कोंबला होता, रडायचं नाही म्हणून. हे सोबत मेल्यावरही येतं, बाकी सगळं इथं काढून ठेवावं लागतं.

२३ फेब्रुवारी

हात आणि किल्ल्या. हात चेहऱ्यापेक्षा अवघड, आणि हे हात तर फारच: बोटांची पेरं सुजलेली, अंगठ्याला जुना चटका. जुडग्याचं लोखंड मात्र झटक्यात झालं. गडद ठेवून दोन ठिकाणी आभाळ टाकलं की किल्ली.

मावशी गप्प बसल्या की चेहरा उतरतो, बोलायला लागल्या की उठतो. म्हणून बोलतं ठेवते. आज १९९२ चं निघालं. जव्हारमधल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली आणि मग गाड्याच गाड्या आल्या, साहेब, पुढारी, कॅमेरेवाले. मावशींच्या पाड्यावरही आले. "पोराला कडेवर घे म्हणले, उन्हात उभी कर म्हणले. नाव नाय विचारलं." तिकडं शहरात जव्हार-मोखाडा म्हटलं की आजही तोच फोटो डोळ्यांपुढं येतो. मी ब्रश खाली ठेवला नाही. ठेवला असता तर त्या बोलायच्या थांबल्या असत्या.

घरी आल्यावर वासुदेव कामतांचं 'माय वाइफ' पुन्हा मोबाइलवर बघितलं. २००६ साली त्यांना अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचं ड्रेपर ग्रँड पारितोषिक मिळालं ते याच चित्राला. दिवाण नाही, राजा नाही, घरची बाई.

१६ मार्च

होळी झाली, आता बोहाड्याचे, मुखवट्यांच्या नाचाचे दिवस. मावशींचे भाऊ सोंग नाचवायचे. आता गुडघे गेले. जव्हार तालुक्यात कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारी घरं आहेत, तिथला एक जुना मुखवटा त्यांनी दाखवायला आणला. चित्रकाराच्या नजरेनं पहिल्यांदाच बघितला. डोळे वाटोळे, सरळ समोर, भुवया हातभर. रंग सपाट आणि भडक. रात्री उजेड हलता, माणसं लांब उभी, सोंग नाचतं आहे; तिथं माझ्या हाफटोनचं काहीएक चालणार नाही. मुखवटा हलतो म्हणून तो स्थिर रंगवायचा. माणूस स्थिर बसतो, म्हणून त्याच्या रंगात हालचाल राहू द्यायची. डोळ्यांच्या पांढऱ्यात मी आज पांढरा काढून राखाडी भरला, एका डोळ्याची कड पुसून टाकली. चेहरा लगेच इकडं वळला.

भावानं चित्राकडं बराच वेळ पाहून विचारलं, "किती दिवस बसवलंस तिला? ही घरात घटकाभर बसत नाय."

३० मार्च, पाडवा

सर स्वतः मोखाड्याला आले, गुडघ्याला पट्टा बांधून. खोलीच्या दारातूनच चित्र पाहिलं, जवळ आलेच नाहीत. मग म्हणाले, पार्श्वभूमी काळी का केलीस? (ट्यूब शेवटी फुटलीच होती.) काळ्यापुढं सावळा चेहरा निम्मा बुडतो. ती जुनी पद्धत गोऱ्या चेहऱ्यांसाठी होती. व्हिरिडियन आणि लाइट रेड मिसळून मंद हिरवट राखाडी करायला लावलं, उजेडाच्या बाजूला गडद, सावलीच्या बाजूला फिकं. तासाभरात मावशी भिंतीपासून पुढं सरकल्या.

चेहऱ्याला त्यांनी हात लावू दिला नाही, मलाही आणि स्वतःलाही. "आता थांब." नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका द्यायचा मोह आहे.

मावशींनी चित्र पहिल्यांदाच पुरं पाहिलं. इतके दिवस मुद्दाम मागं वळून बघत नव्हत्या. म्हणाल्या, "नाक माझ्या आईचं आलंय." आणि लगेच, "किल्ली एक कमी आहे. तेलाची." मोजली. खरंच कमी होती. तेलाची किल्ली काढून मग घरी गेले.

२९ एप्रिल

निरोपसमारंभ झाला. भाषणं लांबली, भात निवला. त्याआधी चित्र कुठं लावायचं यावर बैठक झाली होती. सभागृहात फुले, सावित्रीबाई, आंबेडकर, बिरसा मुंडा आहेत. थोरांच्या ओळीत स्वयंपाकीणबाई कशी, असं एक मत पडलं. दुसरं मत की का नाही. माझं मत दुसरं. मावशींनीच तोडलं: त्यांना सभागृह नकोच. भोजनगृहाच्या दारासमोर लावा, म्हणजे ताट टाकून पळणारा दिसेल. तिथं लागलं. खाली नाव आहे, पूर्ण, आणि नोकरीची वर्षं. चित्रकाराचं नाव मागच्या बाजूला.

आता पावसाळ्याचा प्रश्न. आमच्याकडं जुलैत भिंतींना पाणी सुटतं, कॅनव्हासवर बुरशी धरते. चौकटीमागं बुचाचे तुकडे लावले आहेत, हवा खेळावी म्हणून, पण तेवढं पुरणार नाही. शाळेत कोरडी जागा एकच, धान्याची कोठी. अडचण अशी की जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. सरांना विचारलं. ते म्हणाले, पिवळेपणा पुन्हा उजेडात ठेवलं की बराचसा उतरतो, बुरशी उतरत नाही, कोठीत ठेव. तेव्हा जूनच्या पहिल्या पावसाआधी चित्र उतरवून कोठीत जाईल. किल्ल्या आता नव्या बाईंकडं आहेत.

वार्निश इतक्यात नाही. वरून सुकल्यासारखा दिसला तरी जाड थर आत सुकायला सहा महिने ते वर्ष घेतो. त्यामुळं ज्यांना पाहायला यायचं असेल त्यांनी दिवाळीनंतर यावं, दुपारी, जेवणाच्या आधी. आणि रंगाला बोट लावून बघू नये.